सहा तारीख

भाडेकरूचं वर्ष अकरा महिन्यांचं असतं.
अशी सतरा वर्षं मी पुण्यात काढली,
नऱ्हे, वडगाव, धनकवडीत जिन्याखालची एक खोली,
मग कर्वेनगर.
फोनवर रिकामी असलेली जागा
माझं आडनाव ऐकता ऐकता भरून जायची.

लॅबमध्ये मी रक्त बघते.
काचपट्टीवर थेंब पसरवून पेशी मोजते,
नसलेलं काही लिहीत नाही.
म्हणून वाटलं, जागा बघणं मला जमेल.

पहिला रविवार. स्वारगेटहून बिल्डरची गाडी,
गाडीत फुकट वडा-सांबार.
सँपल फ्लॅटमध्ये प्लॅस्टिकची संत्री
आणि एकाही खोलीला दार नाही.
पलंगावर आडवी झाले
तर घोट्यापासून पुढची मी बाहेर.
सेल्सचा पोरगा हसला नाही. म्हणाला,
"मॅडम, पझेशनला पूर्ण साइज येते."
कशाची, ते मी विचारलं नाही.

नंतर वाघोलीच्या पुढं, बरंच पुढं, एक गुंठा.
झगडे नावाचे एजंट
या दगडापासून त्या दगडापर्यंत चालून दाखवत होते.
"रिंग रोड इथनंच जाणार बघा."
पुढच्या खेपेला गेले तर
दगड तेच, चुनाही तोच,
फक्त बाभूळ आता हद्दीच्या बाहेर उभी.

रिंग रोड जिथनं जिथनं जाणार म्हणाले
ती सगळी गावं मी लॅबच्या कॅलेंडरमागे
पेन्सिलीनं जोडून पाहिली.
फणीतून निघतं तसं गुंतवळ झालं.
गुंतवणूक म्हणतात ती हीच असावी.

मुळूक वकीलबाईंनी शिकवलं,
सात-बारा वाचताना आधी इतर हक्कांचा रकाना बघ,
तिथं जमीन खरं बोलते.
तिथं सोसायटीचा बोजा होता,
आणि वारसांत तीन बहिणी,
ज्यांच्याबद्दल झगडे एवढंच म्हणाले,
"त्या येतात की सहीला. साडी-चोळी द्यायची."
टोकनचे अकरा हजार बुडाले.
बाई म्हणाल्या, स्वस्तात शिकलीस.

शेवटी धायरी. तिसरा मजला, लिफ्ट नाही,
दोनशे सत्त्याऐंशी कार्पेट.
विकणाऱ्यानं ट्यूबलाइट नेली, पट्टी ठेवली.
दुय्यम निबंधकाच्या कचेरीत फोटो काढताना
ऑपरेटर ओरडला, "हसू नका."
मी हसतेय हे मला ठाऊक नव्हतं.

हप्ता सतरा हजार आठशे चाळीस.
भाडं येईल फार तर साडेनऊ.
मधला खड्डा रात्रपाळीनं भरायचा,
हे गणित कुठल्याच माहितीपत्रकात नव्हतं.
बँकेतल्या बाईनं मात्र ते ओठ न हलवता केलं
आणि माझ्याकडं एकदा नीट पाहिलं.

मग पहिला फोन आला.
आवाज नवखा, मागं बेकरीच्या मशीनची घरघर.
"जागा आहे का अजून?"
"आहे," मी म्हणाले. "पूर्ण नाव काय तुमचं?"

आणि जीभ चावली.
तोही गप्प झाला.
ती गप्प बसण्याची पद्धत
मला पाठ होती,
कुठं श्वास घ्यायचा तेसुद्धा.
माझ्या तोंडात कोण येऊन बसलं होतं,
धनकवडीच्या काकू, वडगावचे निवृत्त मास्तर,
की आणखी कुणी?

"नाव राहू द्या," मी म्हणाले, "करारावर लागेल तेव्हा सांगा.
पाणी पहाटे पावणेसहाला येतं. चालेल का?"
मशीन थोडा वेळ घरघरत राहिलं.
"आम्ही तीनलाच उठतो, ताई."

आता पाच तारखेला मी कर्वेनगरात भाडं देते,
सात तारखेला धायरीचं घेते.
सहाला मी कुणाची मालकीण नसते,
कुणाची भाडेकरूही.
त्या दिवशी नेमकी
माझी रात्रपाळी असते.